साठीनंतर लायसन रिन्यू करताय? मग आधी तारीख बघा, डोळे दाखवा आणि आधारचा मोबाईल तपासा

मी अमळनेरची, निवृत्त शिक्षिका, जन्म १९६४ चा. रोज स्कूटी चालवते. बाजार, बँक, नातीची शाळा, कधी मंगळग्रह मंदिर, सगळं स्कूटीवरच. माझं लायसन आतापर्यंत तीनदा रिन्यू झालं, त्यातलं २०१९ चं एजंटकडून आणि २०२४ चं मी स्वतः घरी बसून केलं, आणि तेव्हापासून गल्लीतल्या, नात्यातल्या बऱ्याच जणांचं करून दिलं. लोकं तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. हे मुख्य करून ५५-६० च्या पुढच्या लोकांसाठी आहे, आणि त्यांच्या मुलासुनांसाठी, कारण शेवटी मोबाईल त्यांच्याच हातात असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अर्ज भरायचं काम अर्ध्या तासाचं आहे. वेळ जातो तो अर्जाच्या आधीच्या गोष्टींत, म्हणजे आधारला जुना मोबाईल नंबर, जन्मतारीख जुळत नाही, डोळ्यात मोतीबिंदू निघाला, असल्या भानगडींत. त्या सुटायला कधी पंधरा दिवस लागतात कधी तीन महिने. आणि कायद्याने तुम्हाला लायसन संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मग ते वर्ष वापरा ना. शेवटच्या आठवड्यात जागं होऊन पळापळ करण्यात काही अर्थ नाही.

आता लायसन हातात घ्या आणि तारीख बघा. खरंच उठा आणि बघा, मी किती जणांना बघितलंय की त्यांना वाटतं अजून दोन वर्षं आहेत आणि कार्डावर बघितलं तर मागच्या पोळ्यालाच संपलेलं. कार्डावर दोन तारखा असू शकतात, एक एनटी ची म्हणजे आपली घरची गाडी, मोटरसायकल, कार वगैरे, आणि एक टीआर ची म्हणजे ट्रान्सपोर्ट, भाड्याची गाडी, ट्रक, टेम्पो. ज्यांनी कधी काळी टेम्पो चालवलाय त्यांच्या कार्डावर दोन्ही असतात आणि ते हमखास चुकीची तारीख बघतात.

किती वर्षांसाठी मिळतं याचा हिशोब बऱ्याच जणांना माहीत नसतो. पूर्वी वीस वर्षं किंवा पन्नाशी, जे आधी येईल ते, आणि पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला, १ सप्टेंबर २०१९ पासून तो लागू आहे, आणि आता असं आहे की रिन्यू करताना तुमचं वय ३० ते ५० च्या मध्ये असेल तर १० वर्षं, ५० ते ५५ च्या मध्ये असेल तर तुम्ही ६० चे होईपर्यंत, आणि ५५ च्या पुढे सरळ ५-५ वर्षं. माझं लायसन २००३ चं, ते पन्नाशीपर्यंत म्हणजे २०१४ पर्यंत, मग २०१९, मग २०२४, आता २०२९. ट्रान्सपोर्टचं मात्र कुठल्याही वयात ५ वर्षांचंच मिळतं.

वयाची वरची मर्यादा नाही हेही सांगून ठेवते. ७५ झाले म्हणून लायसन मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. तब्येत बघतात, वय नाही.

आणि तारीख गेली असेल तर? दोन प्रकार आहेत. संपून एक वर्षाच्या आत असाल तर रिन्यू होतं, टेस्ट नाही. एक वर्षाच्या वर गेलं की पुन्हा गाडी चालवून दाखवायची टेस्ट द्यावी लागते. आणि फीच्या तक्त्यात उशिराला दर वर्षासाठी किंवा वर्षाच्या भागासाठी १००० रुपये जादा धरलेत, म्हणजे जितकं लांबवाल तितका भुर्दंड. पूर्वी संपल्यावर ३० दिवस चालायचं, ती सवलत २०१९ च्या बदलात काढून टाकली. संपलेल्या दिवसानंतर तुम्ही बिनालायसनचे. कायद्यात बिनालायसन गाडी चालवण्याला ५००० रुपये दंड आहे, पण मला दंडापेक्षा इन्शुरन्सची जास्त काळजी वाटते. देव न करो पण काही झालं, समोरच्याला लागलं आणि तुमचं लायसन संपलेलं निघालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते, आणि मग भरपाई घरावर येते, म्हातारपणी. म्हणून ज्यांचं संपलंय त्यांनी रिन्यू होईपर्यंत गाडी घरी ठेवा, शेजारच्या गल्लीतही नेऊ नका, पोराला सांगा सोडायला.

आता तयारीतलं पहिलं, आधार आणि मोबाईल. परिवहनच्या साईटवर आधारच्या ओटीपीने अर्ज केला तर बहुतेक वेळा आरटीओत जावंच लागत नाही, याला ते फेसलेस म्हणतात. फोटो, पत्ता सगळं आधारवरून येतं. पण त्यासाठी आधारला जो नंबर जोडलाय तो चालू पाहिजे आणि तो फोन जवळ पाहिजे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला कुठला नंबर असतो? २०१२-१३ ला कॅम्पात आधार काढलं तेव्हा ज्या पोराने नेलं त्याचा, आणि ते पोरगं आता पुण्याला किंवा सुरतला, आणि तो नंबर कधीच बंद. मग आधार सेंटरला जाऊन नंबर बदला. बोटाचा ठसा देऊन होतं, कागद लागत नाही, फक्त नवीन नंबर चालू व्हायला काही दिवस जाऊ द्या. शेतात काम केलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत ही अडचण फार येते, तेव्हा आदल्या रात्री हाताला तेल चोळून ठेवा, सकाळी साबणाने स्वच्छ धुवून जा, आणि ठसा नाहीच आला तर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा.

दुसरं, नाव आणि जन्मतारीख. लायसनवर आणि आधारवर एकच पाहिजे. आणि इथे आपल्या पिढीची मोठी पंचाईत आहे, ती म्हणजे १ जून. आपल्याला शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली ती १ जून, गावातली निम्मी माणसं १ जूनची. लायसन काढताना शाळेचा दाखला लावला म्हणून लायसनवर १ जून, आणि आधार काढताना दाखला नेला नाही, नुसतं वर्ष सांगितलं, म्हणून आधारवर १ जानेवारी. झालं, कॉम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं. माझ्या मोठ्या भावाचं, नानाभाऊचं, अगदी हेच झालं. आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, जन्मतारखेचा चालणारा पुरावा घेऊन जा आणि नीट करून घ्या. नावाचंही तेच, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, एकीकडे नुसतं अक्षर, एकीकडे आडनाव आधी, शिवाय बायकांचं माहेरचं नाव सासरचं नाव. माझ्या लायसनवर सासरचंच होतं म्हणून मी सुटले, पण ज्यांनी लग्नाआधी लायसन काढलंय त्यांनी हे आधी बघा.

आधारचा रस्ता जमलाच नाही तरी घाबरू नका, बिना आधारचा पण अर्ज होतो, फक्त मग अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागद दाखवायला आणि फोटो काढायला ऑफिसला जावं लागतं. नानाभाऊंचं आम्ही शेवटी तसंच केलं.

तिसरं, तुमचं लायसन ऑनलाइन दिसतंय का ते बघा. नंबरची रचना अशी असते, एमएच, मग ऑफिसचा आकडा, मग काढल्याचं वर्ष चार आकड्यात, मग सात आकडी नंबर. आपल्याकडे १८ म्हणजे धुळे, १९ म्हणजे जळगाव, ३९ म्हणजे नंदुरबार, आणि आता चाळीसगावला वेगळं ५२ झालंय. शहादा, तळोदा, नवापूरच्या जुन्या माणसांच्या लायसनवर १८ असतं आणि ते विचारतात आमचं तर नंदुरबार, हे धुळ्याचं कसं. अहो नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी सगळं धुळ्यालाच होतं. त्याने काही अडत नाही, रिन्यू तुम्ही आता राहता तिथल्या ऑफिसला होतं. पोराकडे पुण्याला राहायला गेला असाल तर तिथेही होतं.

पण ज्यांच्याकडे अजून ते जुनं पुस्तकासारखं लायसन आहे, फोटो चिकटवलेलं, शाईने लिहिलेलं, त्यांचा नंबर साईटवर टाकला तर काहीच येत नाही. ते रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढलेलंच नसतं. त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, ती ऑफिसला जाऊन करून घ्यावी लागते, मूळ पुस्तक सोबत न्या, झेरॉक्स नाही. आमच्या मागच्या गल्लीतले बापू असंच पुस्तक घेऊन आले होते, २०११ ला संपलेलं, आणि इतकी वर्षं ते रोज मळ्यात मोटरसायकलवर जात होते. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, बापू हे नुसतं रिन्यू होणार नाही, टेस्ट द्यावी लागेल. त्यांना वाईट वाटलं. पण दिली त्यांनी टेस्ट, पास झाले.

आता चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. मेडिकल सर्टिफिकेट. चाळिशीच्या पुढे सगळ्यांना लागतं, त्याला नमुना १-अ म्हणतात, फॉर्म वन ए म्हटलं की डॉक्टरांना कळतं. एमबीबीएस डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर आणि तुमचा फोटो. काही डॉक्टरांनी परिवहनच्या साईटवर नोंदणी केलेली असते, ते तुमचा अर्ज क्रमांक घेऊन तिथेच ऑनलाइन सर्टिफिकेट टाकतात, तर आधी फोन करून विचारून घ्या की ऑनलाइन करून देता का.

त्या फॉर्ममध्ये काय विचारलंय ते कोणी वाचत नाही म्हणून मी सांगते. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, चष्मा असेल तर चष्मा लावून. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का. रात्री दिसत नाही असा त्रास आहे का. हॉर्न वगैरे ऐकू येण्याइतके कान आहेत का. हातपाय गाडी चालवण्याइतके ठीक आहेत का. आणि तुम्हाला स्वतःला फॉर्म १ भरायचा असतो, त्यात फिट, चक्कर असले आजार आहेत का ते तुम्ही स्वतःच्या सहीने सांगायचं असतं.

२०१९ ला माझ्या एजंटने मला डॉक्टर न दाखवताच सर्टिफिकेट आणून दिलं. मी घेतलं. तेव्हा सोयीचं वाटलं, पण नंतर मला ते खुपत राहिलं, कारण ज्या कागदावर लिहिलंय की या बाईची नजर चांगली आहे तो कागद करणाऱ्याने मला बघितलंही नव्हतं. पुढच्या वेळेला मी ठरवलं की आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आणि मग सर्टिफिकेट. २०२४ ला माझा चष्म्याचा नंबर बदललेला निघाला, नवीन चष्मा केला, आणि स्कूटी चालवताना जे मी खड्डे उशिरा बघत होते ते सगळं थांबलं. मला वाटत होतं रस्ते खराब झालेत.

नानाभाऊंची गोष्ट याहून मोठी. ते शहाद्याकडे राहतात, ७४ वर्षांचे, पपई आणि केळीची शेती, मोटरसायकलही चालवतात आणि ट्रॅक्टरही. लायसन संपायला आठ महिने बाकी होते तेव्हा मी त्यांना म्हटलं, नानाभाऊ चला आधी डोळे दाखवू. ते चिडले. "मन्हा डोयासले काय व्हयेल शे?" मी वाद घातला नाही, अंगणातून पंचवीस मोठी पावलं चालत गेले, तिथे त्यांच्या नातवाची गाडी उभी होती, म्हटलं अंगणातूनच नंबर वाचा. त्यांना पहिली दोन अक्षरं आली, आणि तीही पाठ असल्यामुळे. मग ते काही बोलले नाहीत, आत जाऊन टोपी घालून आले आणि म्हणाले चल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. एकेक करून दोन्ही ऑपरेशनं झाली, मध्ये अंतर ठेवून, मग डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, मग सर्टिफिकेट, आणि तरीही लायसन संपायच्या आत रिन्यू झालं कारण आठ महिने हातात होते. नंतर त्यांनी मला सांगितलं की समोरून गाडी आली की रात्री सगळा पांढरा उजेडच दिसायचा आणि ते अंदाजाने चालवत होते. आपल्याकडे रात्री रस्त्यावर कापसाची, उसाची ट्रॉली बिना लाल दिव्याची उभी असते. अंदाजाने चालवत होते. मला ते ऐकून रात्रभर झोप लागली नाही.

तर ही पंचवीस पावलांची परीक्षा घरी करा. डॉक्टरकडे जायच्या आधी करा. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा की मी गाडी चालवतो, शुगर एकदम खाली गेली तर हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि ते गाडीवर झालं तर काय. सकाळी गोळी घेऊन काही न खाता गाडी काढायची नाही, खिशात गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा बिस्किटाचा पुडा ठेवायचा. बीपीची, झोपेची, सर्दीची गोळी घेतल्यावर गुंगी येते का तेही विचारा. हे लपवून सर्टिफिकेट मिळेलही, पण गाडी तर तुम्हालाच चालवायचीय.

एवढं झालं की अर्ज. परिवहन डॉट गव्ह डॉट इन, हीच साईट. गुगलवर शोधलं की वरती दुसऱ्याच साईट येतात, दिसायला सरकारी, रंगही तेच, आणि फी म्हणून हजार-दीड हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर बंद करा. आणि व्हॉट्सॲपवर आरटीओच्या नावाने चलन आलंय म्हणून एखादी फाईल येते, एपीके लिहिलेली, ती कधीच उघडू नका, फोनमधले पैसे जातात. आरटीओ अशी फाईल पाठवत नाही.

साईटवर ड्रायव्हिंग लायसनच्या सेवा निवडा, मग राज्य महाराष्ट्र, मग सारथीचं पान उघडतं. तिथे डीएल रिन्युअल नावाचा पर्याय समोरच असतो. लायसन नंबर, जन्मतारीख आणि कॅप्चा टाका. नंबर टाकताना एमएच १९ नंतर जागा सोडायची की नाही यात लोकं अडकतात, चौकटीच्या बाजूला नमुना दिलेला असतो तसाच टाका. तुमची माहिती समोर येईल, फोटोही येईल, बरोबर आहे असं निवडा. पिनकोड टाकला की ऑफिस निवडायला येतं. मग पत्ता, मोबाईल, ब्लड ग्रुप तपासा. मोबाईल नंबर इथेही जुना असू शकतो, तो बदलायची सोय सारथीवरच वेगळी आहे.

मग सेवांची यादी येते, त्यात रिन्युअल वर टिक करा. पत्ता बदलायचा असेल तर त्याच अर्जात तेही टिक करता येतं, फी वेगळी लागते. आणि एक सल्ला, जुनी टेम्पो-ट्रकची ट्रान्सपोर्टची नोंद असेल आणि आता ती चालवायचीच नसेल तर ती सोडून देण्याचा पर्याय पण असतो. उगाच दोन तारखा सांभाळत बसायची गरज नाही. पण विचार करून सोडा, परत घ्यायला सगळं नव्याने करावं लागतं.

अर्जात मध्येच एक प्रश्न येतो, मृत्यूनंतर अवयवदान करायचं का. बरेच जण घाबरून नाही करतात किंवा न वाचता हो करतात. घरात बोलून ठरवा. मी हो केलंय आणि मुलाला सांगून ठेवलंय.

फॉर्म १ तिथेच ऑनलाइन भरला जातो. मग कागद अपलोड करायचे, जुनं लायसन, आधार, फॉर्म १-अ. स्क्रीनवर फाईलचं माप लिहिलेलं असतं, त्याहून मोठी फाईल घेत नाही, तर मोबाईलने फोटो काढून तो लहान करावा लागतो. इथे नातवंडांची मदत घ्या. फोटो उजेडात काढा, कागद सपाट ठेवा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, शिक्का वाचता आला पाहिजे. सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते धूसर फोटोमुळे, हे मी अनुभवाने सांगते.

शेवटी फी. रिन्युअलचे २०० आणि स्मार्ट कार्डचे २००, वरती पोस्टाचे थोडे, जे स्क्रीनवर दिसेल तेच आणि तेवढंच. फोन पे, गुगल पे सगळं चालतं. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही असं नेट गेल्यामुळे होतं, तेव्हा घाबरून दुसऱ्यांदा भरू नका, पेमेंट तपासायचा वेगळा पर्याय तिथेच आहे, अर्ज क्रमांक टाकला की कळतं. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

घरी जमत नसेल तर सीएससी किंवा आपले सरकार केंद्रात जा, थोडे पैसे घेतात, त्यात वावगं काही नाही, त्यांचीही मेहनत आहे. फक्त तिथे शेजारी बसून करून घ्या. ओटीपी फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. मोबाईल नंबर तुमचा टाकलाय का ते स्वतः बघा, कारण काही जण सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतात आणि पुढे सगळे मेसेज त्यांना जातात, मग पाच वर्षांनी परत तेच रडगाणं. एजंटबद्दल माझं मत असं की ज्याला कोणीच नाही, बाहेर पडता येत नाही, त्याने करून घ्यावं, पण तीन-चार हजार देण्यासारखं यात काही नाही, आणि न तपासता आणलेलं सर्टिफिकेट तर बिलकुल घेऊ नका.

ऑफिसला जायची वेळ आलीच तर सकाळची अपॉइंटमेंट घ्या. चैत्र-वैशाखात आपल्याकडे ४५ डिग्री, दुपारी बाराला रांगेत उभं राहणं साठीच्या माणसाचं काम नाही. पाण्याची बाटली, रुमाल, आणि अर्जाची प्रिंट, फीची पावती, अपॉइंटमेंटचा कागद, मूळ लायसन, मूळ आधार, मूळ मेडिकल, आणि सगळ्यांची एकेक झेरॉक्स. चष्मा विसरू नका, हे मुद्दाम लिहिते. तालुक्याच्या गावी ठराविक दिवशी आरटीओचा कॅम्प असतो, तुमचं काम तिथे होतं का ते आधी विचारून घ्या, होत असेल तर जळगाव-धुळ्याची फेरी वाचते. गुडघे दुखत असतील, उभं राहवत नसेल तर खिडकीवर सरळ सांगा की मी ज्येष्ठ नागरिक आहे, बसायला जागा द्या. नानाभाऊंना नंदुरबारला एका साहेबांनी स्वतःहून आत बसवलं, मागितल्याशिवाय. सगळीकडे तसं होईलच असं नाही, पण मागायला लाजायचं कशाला.

अर्ज मंजूर झाला का ते सारथीवर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून बघता येतं. दर दोन दिवसांनी बघा, कारण काही त्रुटी काढली असेल तर मेसेज येतोच असं नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. मंजूर झाला की कार्ड यायची वाट न बघता डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर लायसन दिसायला लागतं, आणि ते पोलिसांना दाखवलेलं चालतं, २०१८ पासून तसा नियमच आहे. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवलेला मात्र चालत नाही, ॲपमधूनच दाखवायचं.

कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं. आता पत्ता. आपल्याकडे पत्ता म्हणजे "मारुती मंदिरामागे, पाटील गल्ली", आणि पाटील गल्ली प्रत्येक गावात. आधारवर जसा पत्ता तसंच येतं, तर गावच्या पोस्टमनला सांगून ठेवा की माझं लायसन येणार आहे. आखाजीला किंवा लग्नसराईला घर बंद करून गावाला गेलात आणि कार्ड परत गेलं तर मग ते ऑफिसमधून सोडवून आणावं लागतं. आमच्या शेजारच्या काकूंचं तसंच परत गेलं होतं, दीड महिना फेऱ्या झाल्या.

कार्ड हातात आलं की लगेच वाचा, नंतर नाही. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, ब्लड ग्रुप, कुठकुठल्या गाड्या लिहिल्यात. मोटरसायकल विथ गियर होती आणि नुसती विना गियर आली असं झालं तर लगेच सांगा. ट्रॅक्टरवाल्यांनी एलएमव्ही म्हणजे हलकं मोटार वाहन लिहिलंय का ते बघा. आणि नवीन तारीख कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहा, आणि त्याच्या एक वर्ष आधीची तारीखही लिहा, मुलाच्या फोनमध्ये आठवण लावा. माझी २०२९ ची आहे, मी २०२८ ची लिहून ठेवलीय, आणि त्याच्या शेजारी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव.